गोकुळाबाईने तेल लावलेली फळी

माझी मोठी बहीण गोकुळा. तिला मी बाई म्हणतो, आणि अजूनही थोडा घाबरतो. आरमोरीच्या बाजारात ती मासे विकते. गिऱ्हाईक भावात घासाघीस करायला लागलं की ती बोलत नाही, नुसती बघते. गिऱ्हाईक आपोआप पिशवी पुढे करतं.

तिची पोरगी पायल तामिळनाडूत, रामेश्वरमजवळच्या किनाऱ्यावर काम करते. बाई गावात एवढंच सांगते की पोरगी रामेश्वरला असते. म्हाताऱ्या बाया हात जोडतात, आणि बाई त्यांना जोडू देते. पायल तिथे देवळात नसते, समुद्रात असते. भला मोठा पतंग कमरेला बांधायचा, पायाखाली फळी घ्यायची आणि वाऱ्याच्या ओढीने पाण्यावरून सुसाट जायचं, असा तो खेळ. तो शिकवणाऱ्या केंद्रात ती बोटीवर मदतनीस म्हणून लागली. ढिवराची, म्हणजे मासे धरणाऱ्याची पोर, पाण्याची भीती नाहीच. बघता बघता स्वतःच खेळायला शिकली.

या एप्रिलात ती घरी आली ती दोन फळ्या घेऊन. आजवर ती पाय अडकवायला पट्टे असलेल्या फळीवर खेळायची. या दोन्ही बिनपट्ट्याच्या, सपाट. यांना स्किमबोर्ड म्हणतात. नुसतं वर उभं राहायचं, पाय निसटू नये म्हणून वरच्या अंगाला मेण घासायचं. अशी फळी जमली तर पुढच्या हंगामापासून तिला शिकवणारी म्हणून घेणार होते. मालकाने वापरलेल्या दोन दिल्या होत्या, एक ठेव, एक परत आण म्हणून.

इकडे बाईकडे वडशाचं एक स्थळ येऊन बसलं होतं. मुलगा चांगला होता. पायल नको म्हणत होती. शेवटी बाईने निवाडा दिला की ज्या फळीच्या भरवशावर तू एवढ्या लांब जाणार ती मला दाखव, मग ठरवू. फळी पसंत पडली तर पायल जाणार, नाहीतर वडशाला होकार. मी ऊर्जानगरला इलेक्ट्रिशियन, म्हणून 'मशिनीतलं समजणारा' या नात्याने मला बोलावणं आलं. फळीत मशीन कुठे असते हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मी पोचलो तेव्हा दोन्ही फळ्या अंगणात, डोमाभाऊंच्या डोंग्याला, म्हणजे लाकडी होडीला टेकवून ठेवलेल्या. डोमाभाऊ म्हणजे पायलचे वडील. सहा वर्षांपूर्वी तापाने गेले. तेव्हापासून त्यांचा डोंगा आंब्याखाली उपडा पडून आहे. आमच्यात पाण्यात जाणाऱ्या डोंग्याला घरची बाई मोहाच्या बियांचं, म्हणजे टोरीचं तेल चोळते, रात्रभर मुरू देते. जो पाण्यात जाणार नाही त्याला तेल नाही. डोमाभाऊंचा डोंगा पार भेगाळला होता.

एक फळी जाड, रुंद, आत फोम भरलेली. दुसरी पातळ, लाकडी, उभी केली तर पायलच्या छातीपर्यंत येणारी. मला जाड आवडली. पायलनेही कबूल केलं की नवख्याने मोठीच घ्यावी असं तिकडे सगळे सांगतात, कमी वाऱ्यातही ती माणसाला उचलून धरते. पण पोरीचं वजन ते किती! तिकडच्या जोरदार वाऱ्यात जाड फळी लाटांवर आपटते, वळवली तर वळत नाही. पातळ फळी पाणी धरून राहते. तिचं मन त्या पातळ फळीवर बसलं होतं.

बाईने आमचं काही ऐकलं नाही. डोंगा घेताना जसा पारखतात तशी तिने फळी पारखली. तलावावर नेऊन माशांची भरलेली टोपली आधी जाड फळीवर ठेवली. फळी तरंगली. मग पातळ फळीवर ठेवली. ती टोपलीसकट खाली गेली आणि दोन जिवंत मरळ बघता बघता तलावात परत गेल्या.

"जे टोपली झेलत नाई, ते माह्या पोरीले काय झेलंल?" बाई म्हणाली. मरळीचा रागही त्यात होता.

दुपारी वारा सुटला. पायलने पतंग फुगवला, मला तो धरून उभं केलं आणि सोडा म्हटल्यावर सोडायला सांगितलं. मी सोडला. दोरी ताणली गेली आणि पोरगी त्या बुडणाऱ्या फळीवर उभी राहून तलावाच्या पलीकडे गेलीसुद्धा. वळली, परत आली, पुन्हा गेली. पाण्यात फळी दिसतच नव्हती, नुसती पायल दिसत होती. माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. बाई उन्हाला आडवा हात कपाळावर धरून बघत होती. मग टोपली उचलून घरी गेली.

जेवताना एवढंच म्हणाली, "थांबली का बुडते ते."

"थांबून राह्यला तं डोंगाबी फाटते, आई," पायल म्हणाली.

बाईने ताट सरकवलं आणि उठली. मला वाटलं, संपलं, आता वडसा. पायललाही तसंच वाटलं असणार. ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

सकाळी अंगणात गेलो तर पातळ फळी डोंग्यावर आडवी ठेवलेली. खालून, वरून, कडांना टोरीचं तेल चोळलेलं. उन्हात नुसती चकाकत होती. मेणाचा पत्ता नव्हता. माशी बसली तरी घसरली असती. बाई पायरीवर बसून हात पुसत होती.

"रातभर मुरू देल्लं," ती म्हणाली. "आता पाणी नाई शिरत."

मी तोंड उघडलं तसा पायलने माझा दंड दाबला. तिचे डोळे भरले होते. "बरं केलं, आई," ती म्हणाली.

तिला बल्लारशाच्या गाडीवर सोडायला गेलो. माझ्या शर्टाला दिवसभर त्या तेलाचा वास येत होता. फळीचं काय करशील विचारलं, तर म्हणाली की साबण आणि वाळू लावून घासावी लागेल, आईला मात्र सांगायचं नाही.

पुढे तिचा फोन आला. शिकवायला लागली होती. फळीचं तेल निघालं का, विचारलं.

"वरचं काढलं, मामा. पाय ठेवाले लागते ना. खालचं ठेवलं तसंच."

मागच्या आठवड्यात आरमोरीला गेलो तेव्हा बाईने टोरीच्या तेलाची बाटली हातात दिली. एकदा लावून भागत नाही, पोरीला पाठव म्हणाली. मी बाटली घेतली आणि पाठवली.