मागच्या सीटवरचा आरसा

विमान कंपनीच्या गाडीवर असलेल्या एका ड्रायव्हरला सगळे 'जासूसकाका' म्हणत, आणि उगीच म्हणत नसत. सकाळचा पेपर हातात आला की काका आधी त्याच्या घड्या तपासणार. शेजाऱ्याने वाचून परत टाकलाय की काय! भाजीत मीठ कमी पडलं तर यांना वाटायचं, डॉक्टरने बायकोला आपल्याबद्दल गुपचूप काहीतरी सांगितलंय. "अहो, मीठ संपलंय हो," ती बिचारी कपाळाला हात लावायची. तरी काका डबा उघडून खात्री करून यायचे.

पायलट आणि हवाई सुंदऱ्यांना घरून उचलायचं आणि विमानतळावर सोडायचं, हे त्यांचं काम. आता गाडीतला आरसा कशाला असतो? मागून येणारी वाहनं दिसावीत म्हणून ना? काकांनी तो पार खाली वळवून ठेवला होता, थेट मागच्या सीटवर. पायलटचे डोळे लाल आहेत का, जीभ अडखळते का, सगळं त्यात बघायचे. कारण त्यांची एकुलती एक लेक त्याच विमानांत हवाई सुंदरी होती. "माझी पोर ज्याच्या हाती देतोय, तो शुद्धीत आहे का एवढंही बघू नको?" असं ते म्हणत. त्यात काय चुकलं त्यांचं?

एका वयस्कर कॅप्टनवर तर त्यांची खास नजर. हा गृहस्थ गाडीत बसला की पेंगायचा, चढताना धडपडायचा, आणि एकदा चक्क दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालून आला. वर तोंडात सतत पेपरमिंट. झालं! काकांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हा घेत असणार, नाहीतर पेपरमिंट कशाला? त्यांनी ऑफिसात जाऊन सांगितलं. ऑफिसने कॅप्टनला नळीत फुंकायला लावलं, तर काहीच निघालं नाही. काकांना मग त्या मशीनचाच संशय यायला लागला.

आणि एक दिवस नको ते झालं. कॅप्टनचं विमान वर चढत होतं. किती उंचीवर थांबायचं ते जमिनीवरून सांगितलं गेलं. कॅप्टनने ते रेडिओवर बरोबर परत म्हणूनही दाखवलं, आणि हाताने मात्र यंत्रावर भलताच आकडा लावला. समोरून दुसरं विमान! भोंगा वाजला, विमानाचं नाक एकदम खाली दाबलं गेलं, आणि दोन्ही विमानं थोडक्यात वाचली. चहाची ट्रॉली ढकलणारी काकांची लेक वर छतावर आदळली. खांद्याचं हाड मोडलं.

चौकशीत निघालं की कॅप्टन थकलेला होता. कधी दिवसा, कधी रात्री अशी ड्यूटी फिरून फिरून त्याच्या झोपेचं पार खोबरं झालं होतं. त्याला काही महिने घरी बसवलं. काकांना हे काही पटेना. "थकवा म्हणे! थकलेला माणूस विमानावर विमान घालतो होय? कुठेतरी पाणी मुरतंय."

लेकीचा खांदा बरा झाला, तोवर कॅप्टनही परत रुजू झाला होता. कामावर परतल्यावर पहिलंच उड्डाण लागलं, तेही त्याच कॅप्टनबरोबर. काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाई गं, नको जाऊस. माझं ऐक."

"बाबा, ते प्यायले नव्हते. मी होते ना तिथे!"

पण काका ऐकतील तर ना! आज त्याला रंगेहाथ पकडायचंच, असं ठरवून त्यांनी रात्रपाळी संपल्या संपल्या दुसऱ्या ड्रायव्हरची सकाळची फेरी मागून घेतली. "काका, झोप झालीय ना?" ऑफिसातल्या बाईने विचारलं. "झाली की, मस्त!" काका म्हणाले आणि गाडी काढली.

आधी लेकीला घेतलं, मग कॅप्टनला. आज मोजे एकाच रंगाचे होते. काकांना तेही खटकलं. पुलावर लख्ख ऊन पडलं होतं. आरशात कॅप्टनच्या पापण्या मिटू लागल्या. मिट लेका, मिट, काका मनात म्हणाले, आता सापडलास...

"बाबा! पुढे बघा!"

समोर टँकर. गाडी पलीकडच्या बाजूला गेली होती. काकांनी जीव खाऊन चाक फिरवलं, टँकर कर्कश हॉर्न देत घासून गेला. गाडी कठड्याशी थांबली. मागे लेक तोच खांदा धरून बसली होती. काकांनी आरशात पाहिलं. आरशातल्या कॅप्टनचे डोळे टक्क उघडे होते. मग मघाशी मिटल्या त्या पापण्या कुणाच्या?

"काका, झोप झाली होती का?" कॅप्टनने हळूच विचारलं.

"झाली होती की," काकांच्या तोंडून आपसूक निघालं.

"मीही त्या दिवशी हेच सांगितलं होतं."

काकांना लेकीकडे मान वळवून बघवेना. त्यांनी ऑफिसला फोन लावला. "दुसरी गाडी पाठवा. चालवता चालवता मला झोप लागली."

पलीकडे ऑफिसातली तीच बाई होती.

"काका," ती आवाज खाली आणून म्हणाली, "खरं सांगा. घेतलीय ना?"