डाव्या डोळ्याचे चित्र

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५. सकाळी गार वारा. चार चादरी धुवायला दिल्या. धाकटीने रजा घेतली आहे. झापडे पुन्हा तपासणार म्हणते. भात जरा गोळा झाला.

आईने दुपारी डायरीत एवढे लिहून टोपण लावले. झापडे म्हणजे डोळ्यांवर चढवायचा आभासी जगाचा हेडसेट. तो घातला की टांग्याचा घोडा झाल्यासारखे वाटते, म्हणून नाव आईनेच ठेवले होते.

धाकटी मुलगी त्या झापडांसाठी प्रोग्रॅम लिहायची. ब्राउझरमध्ये साधे पान उघडायचे, की माणूस दुसऱ्याच जागी उभा. दोन डोळ्यांना दोन चित्रे, त्यांत किंचित फरक. मेंदू ती सांधतो आणि वस्तू भरीव दिसतात. बाबा गेल्यावर त्यांचे शिवणाचे दुकान रिकामे करण्याआधी तिने त्याचा कोपरान् कोपरा टिपून ठेवला होता. आई रोज चहानंतर झापडे चढवून तिथे जाऊन बसे. "यांची कात्री बघ. हात लावला तर कापेल," म्हणे.

थंडीच्या तोंडाशी मात्र ती म्हणाली, "दुकान सपाट झालंय गं. फोटोसारखं."

नुकताच ब्राउझर बदलला होता, जुन्या आज्ञा त्यातून काढून टाकल्या होत्या. चूक आपलीच, याबद्दल धाकटीला तिळमात्र शंका आली नाही. तिने सगळे नव्याने लिहिले. आई म्हणाली, "तसंच." तिने दोन चित्रांमधले अंतर बदलले. "तसंच गं बाई."

ऑफिसात शेजारी बसणाऱ्या, सगळे मास्तर म्हणत त्या सहकाऱ्याने घालून पाहिले. "अगं, बटणांचा डबा नाकाला लागतोय माझ्या! कशाला जीव काढतेस?"

"तुला काय कळतंय? माझ्या आईची नजर बारीक आहे."

मधल्या काळात आईचा चहा ओतताना कपाऐवजी बशीत पडू लागला. "आई, लक्ष कुठे असतं तुझं?"

"तुझ्या झापडांत," आई हसून म्हणायची.

आज धाकटीने दुकान बाजूला ठेवून कोरे पान केले. डाव्या डोळ्याला लाल चौकोन, उजव्याला निळा गोल. नवशिकासुद्धा आधी हेच करतो. तिनेही केले होते, पण स्वतःच्या डोळ्यांवर.

"काय दिसतंय?"

"निळा गोल."

"आणि चौकोन?"

"कसला चौकोन?"

तिने पट्टा सैल केला, भिंगे पुसली, मग झापडे स्वतः चढवली. लाल चौकोन जागच्या जागी होता. तिने ती काढली आणि आईच्या उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला.

"आता?"

"आता अंधारच केलास की."

"मी एकच डोळा झाकलाय, आई."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासले. "काचबिंदू. दुखत नाही, म्हणून कळत नाही. एक डोळा दुसऱ्याचं निभावून नेतो. गेलेलं परत येत नाही. उजव्यातही सुरुवात आहे. थेंब देते, पण हमी नाही. पहिली तक्रार कधीची?"

"थंडी सुरू होताना," धाकटी म्हणाली.

"तेव्हाच आणलं असतंत तर..." बाई औषध लिहू लागल्या.

जिना उतरताना आईने तिचा दंड धरला. पायरी पायाने चाचपून मगच ती खाली उतरत होती. हे असे कधीपासून, धाकटीला आठवेना.

"तोंड का पाडलंस? तुझं काम बरोबर निघालं ना?"

"हो, आई. बरोबर निघालं."

"मग झालं तर. मला वाटलं, माझ्यापायी नोकरी घालवतेस."

घरी आल्यावर धाकटीने दूध तापत ठेवले आणि पातेल्याकडे बघत तिथेच उभी राहिली. रात्री आईने टेबलाशी बसून डायरी उघडली, मान डावीकडे वळवून दुपारची ओळ शोधली आणि तिच्याखाली लिहिले: संध्याकाळी दूध उतू गेले. शेगडी पुसून घेतली.