नानांच्या बशीतली नाणी

शेजारचे नाना युरोप पाहून आले आणि चॉकलेटांबरोबर उरलेली युरोची नाणीही त्यांनी बशीतून आमच्यापुढे ठेवली. "सहा देश फिरलो, पण पैसे एकदाही बदलावे लागले नाहीत बघ." माझी बायको एकेक नाणं उलटून मागे कुठल्या देशाचा छाप आहे ते पाहू लागली. रुपया घसरला म्हणून आमची सहल मी तिसऱ्यांदा पुढे ढकललेली. हातातलं चॉकलेट मला जरा जास्तच कडू लागलं.

"ग्रीसमधला खानावळवाला मात्र कुरकुरत होता," नाना म्हणाले. "पूर्वी मंदी आली की त्यांचा पैसा स्वस्त व्हायचा आणि पाहुण्यांची रीघ लागायची. आता पैसा सगळ्यांचा, तो एकट्यासाठी कसा उतरणार? मग पगार उतरले, आणि त्याची मुलगी नोकरीसाठी जर्मनीला गेली."

हे ऐकून मला बरं वाटलं, याची थोडी लाजही वाटली. तरी घरी आल्यावर मी बायकोला म्हणालो, "आपला रुपया निदान आपल्या सोयीने घसरतो."

"हो का? मग आपण कधी जायचं?"

नानांकडून तिने एक नाणं मागून आणलं होतं. ते आता फ्रीजवर असतं. त्याच्यावर कुठल्या देशाचा छाप आहे, ते मी अजून पाहिलेलं नाही.