आण्णांची छडी

आमच्या गावात राजरत्न बनसोडे कुठं राहतात असं विचारलंत, तर पोस्टमनसुद्धा डोकं खाजवेल. बँडवाले आण्णा म्हणा, शेंबडं पोरही घरापर्यंत आणून सोडेल. म्हसवडच्या अलीकडं रस्त्याला लागून बुद्धविहार आहे, त्याच्या मागचं निळ्या दाराचं घर त्यांचं. मी केरबा, त्यांच्या बँडातला ढोलवाला. ज्याला फुंकता येत नाही त्याच्या गळ्यात आण्णा ढोल अडकवायचे. माझ्याही अडकवला, आणि तो आजवर उतरलेला नाही.

आण्णा लष्कराच्या बँडात क्लॅरिनेट वाजवून पेन्शनीवर आले. बाकीचे फौजी कँटीनच्या सामानानं ट्रंक भरून आणतात. आण्णा डोक्यात एक विलायती सिंफनी घेऊन आले. शंभरभर वाजवणाऱ्यांसाठी कुणा परदेशी माणसानं रचलेलं ते लांबलचक संगीत. त्यातला एक संथ भाग त्यांनी आमच्यासारख्या वराती वाजवणाऱ्यांकडून घासून घासून बसवून घेतला. दरवर्षी बुद्धपौर्णिमेच्या सकाळी विहारापुढं तो वाजायचा. सुरुवातीला लोक खिरीची वाट बघत जांभया द्यायचे. मग काय झालं कुणास ठाऊक, ज्या घरातलं माणूस त्या वर्षात गेलेलं असेल, त्या घरची मंडळी पुढच्या सतरंजीवर येऊन बसायला लागली. कुणी ठरवलं नव्हतं, पण रीत पडली ती पडलीच. लोक तिथं मोकळेपणानं रडून घ्यायचे आणि मग उठून खीर प्यायचे.

"आर्मीत दोन सायबांनी हेच वाजवून घेतलं," आण्णा सांगायचे. "सूर त्येच, मानसं तीच. पयल्यानं आशी घाई केली, की वाटावं यष्टी सुटाय लागलीया. दुसऱ्यानं सावकाश घेतलं, तर मिशीवालं सुभेदार रुमाल हुडकाय लागलं. हातात नुसती छडी, तिला आवाजबी न्हाई. पर सगळं तिच्यावर."

"म्हंजी किती सावकाश, आण्णा?" मी एकदा विचारलं.

"मयत पोचवून घराकडं येताना मानूस चालतो, तेवढं."

आण्णाही बँडापुढं उभं राहून छडीनंच लय दाखवायचे, आणि त्यांचा कायदा एकच. डोळे छडीवर. छडी पुढची खूण करत नाही तोवर हातातला सूर सोडायचा नाही, आणि छडी थांबली की सगळ्यांनी थांबायचं. औंधच्या एका वरातीत नवऱ्याचा मामा "वाढवा की रं, मेला का काय!" म्हणून अंगावर आला. आण्णांनी छडी हवेतच थांबवली. क्षणात सगळा बँड गप्प. घोडी थांबली, नाचणारे एक पाय वर घेऊन थांबले. मामानं हात जोडले तेव्हा कुठं वरात पुढं सरकली. तो दिवस आठवला की मला अजून हसू येतं.

पुढं त्याच छडीच्या हाताचा अंगठा थरथरायला लागला. शर्टाची बटणं लागेनात. मुलगी माया, जी बँडात त्यांचं क्लॅरिनेट वाजवायची, त्यांना सांगलीला मोठ्या डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, कंपवात आहे. गोळ्या आहेत, पण हळूहळू सगळंच मंदावत जाईल. त्याच वर्षी आण्णांची बायको, आमच्या येसूवैनी, चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन गेल्या. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. आण्णा रडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पुनवंला वाजवू तिच्यासाटनं."

तालीम सुरू झाली. छडी इतकी सावकाश उतरायला लागली की फुंकणाऱ्यांचा दम पुरेना. सूर मधेच तुटायचे. लालासाहेब आमचं सगळ्यात मोठं शिंग वाजवतो, पैलवान गडी, तोही खोकत खाली बसला. "आण्णा, जरा बिगी घ्या की."

"मी हाय तसंच घेतुया," आण्णा म्हणाले. "तुमालाच घाई झालीया."

त्यांना खरंच तसं वाटत होतं. आजारामुळं की दुःखामुळं, ते मला आजही सांगता येणार नाही.

एक दिवस ते गोळी घ्यायला घरात गेले, तेव्हा क्लॅरिनेट मांडीवर ठेवून माया हलक्या आवाजात म्हणाली, "पुनवंला छडीकडं बघू नका. माज्या पायाच्या ठोक्याकडं बघा."

माझं डोकं फिरलं. "आगं, त्यापरीस सरळ छडी काढून घे की! ही चोरी कशापायी?"

"काढून घितली तर त्यास्नी काय उरतंय, केरबातात्या? आन आयसाटनं वाजिवताना मधीच तुटलं तर?"

मी ढोल ओढून घेतला आणि तिच्या पावलाकडं बघत बसलो.

पौर्णिमेला आण्णा पांढऱ्या शर्टात उभे राहिले. पुढच्या सतरंजीवर येसूवैनींच्या माहेरची माणसं बसली होती. छडी उतरली, पहिला सूर लागला, आणि आमच्या सगळ्यांच्या माना मायाच्या पावलाकडं वळल्या. संगीत चाललं छान, कुठं तुटलं नाही. छडी मात्र मागं पडत गेली, म्हातारं माणूस घोळक्यातून मागं पडतं तशी. थोड्या वेळानं आण्णांच्या ते ध्यानात आलं. त्यांनी छडी हवेत थांबवली, औंधच्या वरातीत थांबवली होती तशीच.

बँड वाजतच राहिला.

त्यांनी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. त्यांच्याकडं कुणीच बघत नव्हतं. मग त्यांना मायाचं पाऊल दिसलं. मला वाटलं, आता छडी फेकून देतील; फेकली असती तर बरं झालं असतं. पण त्यांनी छडी पुन्हा उचलली आणि आमच्या मागं मागं, आमच्या लयीत, शेवटपर्यंत हलवत राहिले. लोकांनी डोळे पुसले. एक म्हातारी त्यांचा हात धरून म्हणाली, "आण्णा, आवंदा लय ग्वाड झालं." त्यांनी तिला हात जोडले.

घरी जाऊन त्यांनी छडी खुंटीला अडकवली. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "चांगलं वाजिवलं, पोरी. पर तुज्या आयचं ऱ्हायलं."

दुसऱ्या दिवसापासून माया रोज दिवेलागणीला त्यांच्यापुढं क्लॅरिनेट घेऊन उभी राहायला लागली. आण्णा खुर्चीच्या हातावर बोटानं ठोका द्यायचे आणि ती त्या बोटाकडं बघून वाजवायची, त्यांच्याच लयीत. छाती फुटायची तिची. दम तुटला की ती मान खाली घालायची. आण्णा म्हणायचे, "असू दे. उद्या." शेवट काही कधी गाठता आला नाही, कारण बोट दिवसेंदिवस आणखी सावकाश होत गेलं. मी उंबऱ्यात बसून ऐकायचो. अर्धंमुर्धंच ऐकायला मिळायचं, पण येसूवैनींसाठी खरं वाजलं ते तेच, असं मी आजही कुणाशीही भांडून सांगेन.

थंडीतल्या एका संध्याकाळी आण्णांचं बोट वर गेलं. मायानं सूर लावला. तेवढ्यात आण्णांचा हात खुर्चीवरून मांडीवर घसरला आणि मान कलली. ती पुढची खूण नव्हती, हे मला कळलं आणि तिलाही कळलं असणार. "सोड, माया," मी म्हणालो. तिनं सोडला नाही. पुढची खूण झाल्याशिवाय सूर सोडायचा नाही, हे तिला तिच्या बापानंच शिकवलं होतं. त्या बोटाकडं बघत, छातीतला दम संपेपर्यंत, ती तो सूर धरून उभी राहिली.