झाकणाच्या आतली नावं

टीव्हीवाल्या चाचांनी आयुष्यात एकही मालिका समोरून पाहिली नाही. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याची जागा टीव्हीच्या पाठीमागे. समोर आरसा उभा करायचा आणि मागून पेचकस फिरवता फिरवता चित्र कसं येतंय ते आरशात बघायचं, ही त्यांची कामाची रीत. त्यामुळे झाडून सगळ्या नटनट्या चाचांना उलट्या माहीत. एवढे शिकलेसवरलेले लोक डाव्या हाताने कसे जेवतात, याचं आपल्याला सुरुवातीला फार वाईट वाटायचं, असं ते स्वतःच सांगत.

मी जव्हारला शाळेत मराठी शिकवायला आले ती नव्वदीच्या सुरुवातीला, आणि चाचांच्या दुकानावरच्या खोलीत भाड्याने राहिले. खाली दुकानात पाठी उघड्या पडलेले तीन-चार टीव्ही, वितळलेल्या कथलाचा वास आणि चाचांची बडबड. गिऱ्हाईक आलं की आधी त्याची हजेरी. "टीव्ही बिघडत नाही. घरची माणसं त्याला बिघडवतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. टीव्हीवर कुणी दुधाचं भांडं ठेवलेलं, कुणी फुलदाणी, एका मास्तरांनी तर गणपती बसवलेला. चाचा मास्तरांना म्हणाले होते, की तुमच्या देवाला खालून किती चटके बसत असतील याचा तरी विचार करा. मास्तरांनी गणपती हलवला.

दुरुस्त झालेला टीव्ही ते त्या दिवशी कधीच परत देत नसत. आजाऱ्याला कापल्यावर लगेच नाचायला लावतात का, असं म्हणून त्याला एक दिवस आराम द्यायचे. हा आराम नेमका मालिकेच्या दिवशी यायचा, आणि आराम करणारा टीव्ही चांगला मोठ्या आवाजात चालू असायचा, हे मला वरच्या खोलीत ऐकू येत होतं. मी कधी बोलले नाही. एक तर मलाही मालिका ऐकायला मिळायची, आणि दुसरं म्हणजे घरमालकाशी वाकडं घेऊन जव्हारसारख्या गावात दुसरी खोली मिळाली नसती.

पण चाचांचा खरा जीव कलाकारांच्या मरणात होता. शेजारच्या न्हाव्याकडे पेपर येई. त्यात टीव्हीवरचा कुणी जुना माणूस गेल्याची बातमी असली, की चाचा दुकान अर्धं ओढून घेत आणि दिवसभर पेचकसाला हात लावत नसत. मग पुढच्या वेळी पार्ट आणायला मुंबईला गेले, की हा माणूस कुठे ठेवलाय ते शोधून तिथे जाऊन यायचे. कब्रस्तान असेल तर फातिहा पढून, ख्रिस्ती असेल तर मेणबत्ती लावून. हिंदू कलाकारांनी मात्र त्यांना फार छळलं. जाळून टाकल्यावर जायचं कुठे? स्मशानाच्या रखवालदाराला विचारलं तर तो म्हणे, चाचा, इथून रोज पंधरा-वीस जातात, तुमचा कुठला? चाचा त्याला आपला कुठला ते वर्णन करून सांगत. अर्थात उलटं.

परत आले की माझ्या दारात उभे राहून सविस्तर हालहवाल सांगायचे. मालिकेत जन्मभर सुनेला छळणारी ती सासू आता कोणाशेजारी निजली आहे माहीत आहे का, बाई? वकिलाचं काम करणाऱ्या त्या माणसाशेजारी. "त्याने तिला फाशी मागितली होती. आता दोघं एका भिंतीला." हे सांगताना त्यांना इतका आनंद व्हायचा, की आपण मयताबद्दल बोलतोय हे दोघांच्याही लक्षात राहत नसे.

मी एकदा विचारलं, की ना नात्याचे, ना गोत्याचे, एवढी पायपीट कशासाठी? चाचा माझ्याकडे असे बघायला लागले, की मी शाळेत नेमकं काय शिकवते असा त्यांना संशय आला असावा. मग त्यांनी मला भूगोल सांगितला. वैतरणा आपल्या मोखाड्याकडून वाहते, तिला बांध घालून ते पाणी मुंबईला नेलंय. आपल्या बाया चैत्रात हंडा घेऊन डोंगर उतरतात आणि तिकडे नळ सोडला की वैतरणा. "आपलं पाणी पिऊन गेले, बाई. मिट्टी द्यायला एक तरी माणूस इकडून जायला नको?"

त्यांचं गुपित मला कळलं ते माझ्याच टीव्हीमुळे. लहानसा काळा-पांढरा संच मी दुकानातूनच जुना घेतला होता. एकदा तो उघडून ठेवलेला असताना मागचं पुठ्ठ्याचं झाकण मी सहज उचललं, आणि आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली नावं दिसली. बारीक, तिरकं अक्षर. एकेक नाव आणि पुढे जागा: अमुक कब्रस्तान, नळाजवळ; तमुक स्मशान, राख नाशिकला. सगळे कलाकार. दुरुस्तीची तारीख झाकणात लिहितात हे मला ठाऊक होतं, पण ही यादी दुरुस्तीची नव्हती.

चाचा चहा घेऊन आले आणि त्यांनी झाकण माझ्या हातातून काढून घेतलं. मग हळूच म्हणाले, की कुणाला सांगू नका. जव्हारपासून दाभोसा-जामसरपर्यंत त्यांनी उघडलेल्या प्रत्येक संचात ही यादी होती. "हे लोक जिंदगीभर या डब्यात राहिले. नाव पण डब्यातच पाहिजे ना." आणि लोकांना हे कळलं असतं, तर देवाच्या फोटोशेजारी मांडलेल्या टीव्हीत मेलेल्यांची नावं भरून ठेवली म्हणून कुणी त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. ही त्यांची खरी भीती होती. मी शब्द दिला आणि त्या दिवसापासून चाचांची लेखनिक झाले.

कारण यादीत एक नाव असं होतं, की त्याच्यापुढची जागा कोरी होती. अगदी सुरुवातीच्या एका मालिकेत पोस्टमनचं काम करणारा नट. काम छोटंसं, पण सगळ्या गावाला आवडलेलं. पेपरात दोन ओळींत तो गेल्याचं आलं होतं. कुठे, काय, काही नाही. चाचांना ती कोरी जागा घासातल्या खड्यासारखी लागायची. त्यांच्या सांगण्यावरून मी पेपरच्या संपादकांना पत्र लिहिलं. उत्तर नाही. दुसरं लिहिलं. दोन महिन्यांनी एक पोस्टकार्ड आलं, ते थेट त्या नटाचंच. लिहिलं होतं, "आपण माझ्या अंतिम स्थानाची चौकशी केल्याचे कळले. सध्या ते ठाण्यात, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून आहे. दुपारी दोन ते चार सोडून कधीही यावे."

गेला होता तो त्याच नावाचा दुसराच कुणी नाटकातला माणूस. पेपराने दुसऱ्या दिवशी तसा खुलासाही छापला होता म्हणे, पण त्या दिवशी पावसाने रस्ता बंद होता आणि जव्हारला पेपरच आला नव्हता. चाचांनी कपाळ धरलं. चाळीसएक घरांत त्यांनी एक जिवंत माणूस मेलेल्यांत नेऊन बसवला होता. दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "ठाण्याला चला, बाई. मला एकट्याला माफी मागता येणार नाही."

चाळीत दार उघडलं ते बंडीतल्या एका हडकुळ्या म्हाताऱ्याने. चाचा त्याच्याकडे टक लावून बघत राहिले, आणि मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले की हा तो नव्हेच. त्याच्या डाव्या गालावर तीळ होता, याच्या उजव्या गालावर आहे. मी म्हटलं, चाचा, तुमचा आरसा. चाचा इतके लाजले की चप्पल काढायची विसरून आत गेले.

मग त्यांनी सगळं कबूल केलं. एकटाच राहत होता तो माणूस. बायको गेलेली, मूलबाळ नाही, काम मिळायचं बंद होऊन बरीच वर्षं झालेली. ऐकताना आधी तो हसला. मग त्याने किती घरं, कुठली गावं, हे पुन्हा पुन्हा विचारलं. चाचा म्हणाले की मी परत गेलो की घरोघर जाऊन रबराने पुसून टाकतो.

"पुसू नका," तो म्हणाला. "टीव्हीवर आता मी कुठेही नाही. आत तरी असू द्या."

चाचांची पंचाईत झाली. पुसावं तर माणसाचं मन मोडतं, ठेवावं तर जिवंत माणूस मुर्द्यांत राहतो. परतीची एसटी जव्हारला पोचली. डेपोत उतरल्यावर म्हणाले, की ती कोरी जागा आहे ना, तिथे 'हयात' लिहायचं. प्रत्येक संचात. आणि ते लवकर व्हायला हवं होतं. तो म्हातारा खरंच गेला तर जिवंतपणी सगळा काळ तो आमच्याकडे मेलेलाच राहिला असं होईल, असं चाचांचं म्हणणं. हे पाप त्यांना डोक्यावर नको होतं.

मग दिवाळीनंतर चाचांची फेरी सुरू झाली. जीपला लटकून गावोगाव जायचे आणि चांगला चालणारा टीव्ही फुकट उघडून बघतो म्हणायचे. फुकट म्हटल्यावर लोकांना संशय आला. चाचा चांगले पार्ट काढून नेतात आणि जुने बसवतात, अशी आवई उठली. दाभोशाला एक आजी टीव्हीला पाठ लावून बसली आणि काही केल्या उठेना. चाचांनी तिच्यासमोर बसून तिला माहेरची सगळी विचारपूस केली, तिच्या हातची नागलीची भाकर खाल्ली, आणि ती पाणी आणायला उठली तेवढ्यात दोन स्क्रू काढून शब्द लिहून टाकला. खरं कारण कुठेच सांगता येत नव्हतं. चाचांना दम्याचा त्रास होता, चढण चढताना छाती भात्यासारखी हलायची. मी रागावले की म्हणत, एवढं झालं की मग आरामच आहे.

होळीपर्यंत एकच संच उरला. जामसरच्या एका घरातला. घरची माणसं वीटभट्टीवर गेली होती, दाराला कुलूप. पावसाच्या तोंडाशी येतील, तेव्हा जाऊ, असं ठरलं.

वैशाखात चाचा गेले. सकाळी दुकान उघडलं, स्टुलावर बसले आणि तसेच बसून राहिले. त्यांच्या मयतीला बाजार बंद राहिला. मी कब्रस्तानाच्या बाहेर उभी राहिले, कारण बायका आत जात नाहीत. मला तेव्हा फार पोरकं वाटलं. भाडेकरूला असं वाटायचं काही कारण नाही, पण वाटलं. चाचा गेल्याचं आणि 'हयात' लिहायचं एक घर राहिल्याचं मी ठाण्याला त्या नटाला पत्राने कळवलं. त्यावर उत्तर आलं की मी अजून आहे, त्यांचं राहिलेलं एक घर तेवढं बघा.

ज्येष्ठात जामसरची माणसं परतली. मी चाचांचा पेचकस आणि पेन्सिल घेऊन गेले. घरात एकटी सून होती. जव्हारच्या शाळेची बाई म्हणून तिने पाट दिला. मी टीव्ही फिरवला, झाकण काढलं. यादी तीच, अक्षर तेच. कोऱ्या जागेत 'हयात' लिहिलं, आणि मान वर केली तर ती अगदी जवळ उभी.

"काय लिवतेस, बाय?"

चाचांनी एवढी वर्षं लपवलेली गोष्ट. मला खोटं सुचलं असतं, पण चाचा गेल्यावर त्यांच्यासाठी अजून एक खोटं बोलावंसं वाटेना. मी सगळं सांगितलं. ही मेलेल्यांची नावं आहेत, टीव्हीत काम करणाऱ्यांची, आणि कोण कुठे आहे ते चाचा लिहून ठेवत. आता ती झाकण बाहेर फेकायला सांगेल, म्हणून मी वाट बघत राहिले.

ती खाली बसली. झाकणावरून तिने हलकेच बोट फिरवलं. तिला वाचता येत नव्हतं.

"माझा सासरा रोज ह्याच्याम्होरं बसं," ती म्हणाली. "यंदा भट्टीवर मेला. तठंच मातीत दिला. आता भट्टी बी हलली, जागा घावायची नाय." मग म्हणाली, "त्याचा नाव लिवशील?"

मी नाव विचारलं. तिने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून बाहेर खेळणाऱ्या पोराला हाक मारली आणि त्याच्याकडून वदवून घेतलं. पोस्टमनच्या खाली मी ते लिहिलं. पुढे जागा काय लिहू, म्हणून तिच्याकडे पाहिलं, तर ती झाकणावरच हात ठेवून म्हणाली, "हीच लिव. जामसर."