स्पॅनिशच्या तासाचा नियम
दिवाळीनंतर दिल्लीच्या हवेत तो जळका वास भरला की मला नववीतला स्पॅनिशचा तास आठवतो. धुरामुळे खिडक्या बंद असायच्या आणि फळ्याशेजारी नियमांचा कागद चिकटवलेला असायचा: वर्गात फक्त स्पॅनिश बोलायचं, नाहीतर पाच मार्क कट. त्या दिवशी माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण सारखी खोकत होती. आम्ही दोघी आर. के. पुरमच्या एकाच सरकारी क्वार्टर्समधल्या मराठी मुली. तिला दमा आहे हे मला ठाऊक होतं. तिने माझं मनगट घट्ट धरलं आणि पुटपुटली, "अगं, श्वास घेता येत नाहीये." मॅडम फळ्यावर लिहिता लिहिताच म्हणाल्या, "स्पॅनिश में बोलो." वर्ग हसला. तिचे ओठ निळसर पडत चालले होते. मला ते दिसत होतं, तरी मी वहीत स्पॅनिश शब्द शोधत राहिले. ती बाकावरून कोसळली, तेव्हा मॅडमच हिंदीत किंचाळल्या, "कोई नर्स को बुलाओ!" ती वाचली. आठवड्याने शाळेत आली आणि तिने मला एवढंच विचारलं, "तू ओरडली का नाहीस?" आता आम्ही दोघी नोकरी करतो, अधूनमधून कॉफीला भेटतो, खूप हसतो. मधेच ती बोलायची थांबून माझ्याकडे बघते, तेव्हा मी आधी तिचे ओठ बघते.