बू विजीकडे परत परत येणारा कॉम्प्युटर

देलांगू गावात कॉम्प्युटर कोणी बिघडवत नाही, तो आपोआप बिघडतो. कोणाच्या हातून कॉफी सांडत नाही, कोणी विजा कडाडत असताना खेळत बसत नाही, कोणाचं पोर फटीत चमचा खुपसत नाही. माणूस येतो, मशीन फळीवर ठेवतो, चपला काढाव्यात की राहू द्याव्यात या विचारात जरा घुटमळतो आणि म्हणतो, "बू, कालपर्यंत उत्तम होता. आज आपोआपच बंद."

"होतं असं," बू विजी, म्हणजे विजीबाई, म्हणते आणि आधी चहा टाकते.

चहा काळा, कडक आणि एवढा गोड की चमचा उभा राहावा. तो पिऊन होईपर्यंत विजी मशीनकडे बघतसुद्धा नाही. भाताचं पीक कसं आहे, मुलीचं लग्न ठरलं का, असल्या गप्पा मारते. एकदा पंचायतीतला कारकून लॅपटॉप घेऊन आला, त्या लॅपटॉपला सरबताचा वास येत होता. विजीनं विचारलं, "पाहुणे आले होते वाटतं घरी?"

"हो ना, पुतण्या आला होता."

"लहान असेल."

"अगदी लहान."

तो पुतण्या पोलिसात आहे आणि त्याला भरघोस मिश्या आहेत, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक. पण विजीला हवं ते कळलं होतं. तिनं कळफलक काढून धुतला आणि परत देताना सांगितलं, की आत मुंग्या शिरल्या होत्या. देलांगूच्या मुंग्यांनी आजवर किती जणांची अब्रू राखली आहे त्याला गणती नाही.

लग्नाआधी विजी बाताम बेटावरच्या कारखान्यात होती. भिंगाखाली सर्किटच्या पाट्या धरायच्या, कुठे टाका सुटलाय ते बघायचं, पाट्या संपल्या की झोपायचं. मशीन उघडायला ती तिथे शिकली. माणसाला न दुखवता त्याच्याकडून खरं कसं काढायचं, ते मात्र आईकडून शिकली, आणि धंद्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. आता नवरा सार्वो पुढे सोतोची, म्हणजे कोंबडीच्या रश्शाची, गाडी लावतो, आणि शेजारच्या एका खोलीत तिचं दुकान. सकाळी लोक गाडीवर वाडगाभर गरम सोतो, तळलेलं तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, खात बसतात, आणि तिच्याकडे कोण काय घेऊन आलं ते त्या सगळ्यांना दिसतं. यात वाईट एवढंच, की तेच मशीन परत आलं तर तेही दिसतं.

पाक कास्मादींचं मशीन परत आलं.

पाक कास्मादी, म्हणजे कास्मादीकाका, हे रेल्वेतून निवृत्त झालेले स्टेशनमास्तर. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. बायको गेल्यापासून घरात ते आणि त्यांचा सेनोपाती. सेनोपाती हा मुराई, लांब शेपटीचा गाणारा पक्षी. पिल्लू असताना आणलेला. असल्या पाखराला गाणं शिकवावं लागतं. पिंजऱ्यावर कापड टाकायचं आणि नामांकित पाखरांची रेकॉर्डिंग दिवसभर ऐकवायची, की ते एकेक सूर उचलतं. पाक कास्मादींनी त्यासाठीच मुलीचा जुना कॉम्प्युटर ठेवला होता. तो सेनोपातीचा उस्ताद.

पण उस्तादाला म्हातारपण आलं. सकाळी बटण दाबलं की एक लांब शिट्टी आणि तीन आखूड, आणि पडदा काळाच. पुन्हा बंद, पुन्हा चालू. बरेच आठवडे पाक कास्मादींनी रोज सकाळी असं बटणाशी झटत काढले. मग एक दिवस तो काही केल्या उठेना, तेव्हा त्यांनी त्याला टॉवेलात गुंडाळून सायकलरिक्षात बसवलं आणि आणलं.

विजीनं झाकण उघडलं तर आत रातकिड्यांचे वाळके पाय, पाखराच्या खाण्याची पूड आणि एक पीस. पिंजरा मशीनच्या बरोब्बर वर टांगलाय, हे सांगायला आणखी काय हवं?

"पाक, खोलीत वारा फार येत असेल," ती म्हणाली.

"हो हो. खिडकी मोठी आहे."

"मशीन जरा आतल्या भिंतीकडे घेतलं तर?"

"घेतो की."

त्यांनी घेतलं. पिंजराही बरोबर घेतला, कारण शिष्याला उस्तादापासून लांब ठेवून कसं चालेल! विजीनं मशीन झाडलं, मेमरीची पट्टी काढून तिची सोनेरी कड शाळकरी खोडरबरानं घासली, परत बसवली. कॉम्प्युटर एका दमात सुरू झाला. "पुन्हा कधी तसा ओरडला ना, पाक, तर क्षणभरही थांबू नका," तिनं बजावलं. "लगेच बंद करा, नाहीतर आणखी काही जळेल."

आयुष्यभर सिग्नल पाळलेल्या माणसाला हे दोनदा सांगावं लागत नाही.

दोन दिवसांनी सायकलरिक्षा पुन्हा दारात. पाक कास्मादी उतरले, चहा प्याले, मग म्हणाले, "बू विजी, काम फारच सुरेख झालंय. पंख्याचा आवाज किती कमी झाला! आतल्या वायरीसुद्धा तुम्ही काय नीट बांधल्यात. फक्त... सुरू होत नाही."

विजीनं वायर लावली, बटण दाबलं. कॉम्प्युटर सुरू झाला. बंद करून पुन्हा लावला. पुन्हा सुरू.

"तुमच्या हाताला भितो तो," पाक कास्मादी ओशाळून म्हणाले आणि घेऊन गेले. पण दोन दिवसांनी परत आले, तसेच कौतुक करत. आणि मशीन दुकानात पुन्हा तसंच, शहाण्या मुलासारखं उठलं.

आता सोतोच्या गाडीवर जिभा सुटल्या. पोनीरान न्हाव्याला तर बोलायला निमित्तच लागत नाही. सार्वोला 'मास', म्हणजे दादा, अशी हाक मारत तो म्हणाला, "मास सार्वो, त्या कॉम्प्युटरला एक वाडगा द्या हो! रोज येतोय बिचारा, उपाशी कशाला पाठवता?"

"तू तुझं खा," सार्वो म्हणाला. पण आत येऊन बायकोला हळूच म्हणाला, "विज, लोक बोलायला लागलेत. शाळेचे मास्तरपण विचारत होते, म्हणे बू विजीच्या हातचं कसब गेलं का?"

विजीला ते लागलं. एवढ्या वर्षांत बाई म्हणून कोणी तिच्या कामाला नाव ठेवलं नव्हतं, आणि आता एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरपायी ठेवणार होते. ती स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकून उठली. मशीन जिथे बिघडतं तिथेच जाऊन बघायचं ठरवलं.

पाक कास्मादींचं घर लखलखीत होतं. कॉम्प्युटर भिंतीशी, त्याच्यावर खुंटीला पिंजरा, पिंजऱ्यावर खालपर्यंत जाड कापड. "बघा हं," ते म्हणाले आणि बटण दाबलं. टक्. लागलीच एक लांब शिट्टी, तीन आखूड. विजीनं काही म्हणायच्या आत त्यांनी बटण दाबून धरलं आणि मशीन गप्प केलं. "बघितलंत? रोज हेच."

"बघते मी."

"तोवर मी चहा आणतो. कसला म्हणा माझ्या हातचा..." ते स्वयंपाकघरात गेले.

विजी खाली बसली. उघडण्याआधी तिनं भिंतीतली पिन काढली, आणि आत उरलीसुरली वीज राहू नये म्हणून सवयीनं बटण एकदा दाबलं. टक्.

एक लांब, तीन आखूड.

विजीनं हातातल्या पिनेकडे पाहिलं. मग मशीनकडे. मग सावकाश वर पाहिलं. उठून कापडाचा कोपरा उचलला, तर सेनोपाती मान वाकडी करून तिच्याकडेच बघत होता. त्यानं शेपटी उडवली आणि अगदी मन लावून पुन्हा म्हणून दाखवलं. तीन आखूड शिट्ट्या तर अशा साफ, की कारखान्यात तिनं त्याला कॉम्प्युटरचा भोंगा समजून पास करून टाकलं असतं.

तिला हसू फुटलं. ते दाबावं म्हणून तिनं हात तोंडाशी नेला, आणि तेवढ्यात पाक कास्मादी चहाचे पेले घेऊन आले.

"रविवारी पाखरांच्या गाण्याची स्पर्धा आहे क्लातेनला," पिंजऱ्याकडे बघत ते म्हणाले. आवाज एकदम कोवळा झाला होता. "पहिल्यांदाच नेणार आहे त्याला. सगळं गाणं पाठ झालंय. आणि गळा किती स्वच्छ म्हणून सांगू! एक घाण सूर लागू दिला नाही मी. शेजारी कोंबडा होता, तोसुद्धा हात जोडून हलवायला लावला."

विजीचं हसू जागच्या जागी जिरलं. स्पर्धेत पाखरानं मांजर, कोंबडा, मोटारीचा भोंगा असलं काही काढलं की संपलं. परीक्षक पुन्हा त्या पिंजऱ्याकडे वळूनही बघत नाहीत, आणि सभोवार उभी माणसं हसतात ती वेगळीच. आता सांगावं, तर या माणसाच्या तोंडावर सांगायचं, की तुमच्या एवढ्या दिवसांच्या मेहनतीला तुम्हीच गालबोट लावलंत. न सांगावं, तर रविवारी साऱ्या क्लातेनपुढे ते आपोआप उघड होणार. आणि तिचं दुकान तोवर बदनाम होणार ते होणारच.

तिनं चहा पूर्ण संपवला. बेचव होता. मग कॉम्प्युटर उघडला, शिट्टी वाजवणारा बोटाच्या पेराएवढा भोंगा आतून काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला.

"पाक, हे ओरडणारं यंत्र. आता मी काढून टाकलंय. यापुढे हा कॉम्प्युटर ओरडूच शकत नाही. इच्छा असली तरी नाही."

"बरं."

"तरीपण कधी आवाज आलाच," विजी जमिनीकडे बघत म्हणाली, "तर बंद करू नका. बसून राहा जरा. आणि कुठून येतोय ते निवांत ऐका."

पाक कास्मादी भोंग्याकडे बघत राहिले. "बरं," ते पुन्हा म्हणाले.

घरी येऊन ती कोणाला काही बोलली नाही, सार्वोलासुद्धा नाही. सार्वो मनाचा चांगला, पण सोतोच्या गाडीवर गुपित ठेवणं म्हणजे चाळणीत पाणी ठेवणं. "काय होतं मग?" त्यानं विचारलं.

"झालं दुरुस्त," ती म्हणाली. त्यानं ज्या नजरेनं पाहिलं, त्यावरून त्याचाही विश्वास बसलेला नव्हता.

नंतरचे दिवस तिला जड गेले. कॉम्प्युटर परत आला नाही, म्हणजे त्यांना कळलं? की ते दुसऱ्या कोणाकडे घेऊन गेले? तिला स्वतःचाच राग यायला लागला. आडून आडून बोलायची ही सवय, तिला आपण सभ्यपणा म्हणतो. खरं तर हिंमत नाही आपल्यात. त्या भल्या माणसाला कळलं नसेल तर तो उद्या पाखरू घेऊन ऐटीत उभा राहील, आणि लोक हसतील तेव्हा त्याला कळणारही नाही की कशाला. शनिवारी ती त्यांच्याकडे जायला निघाली आणि अर्ध्या वाटेवरून परत आली. तोंडात शब्दच तयार होईनात.

रविवारी सकाळी गाडीवर गर्दी होती. पाखरांचे शौकीन क्लातेनला जायच्या आधी पोट भरून घेत होते, आणि पोनीरान मध्ये बसून कोण जिंकणार ते ठरवून देत होता. तेवढ्यात सायकलरिक्षा वळली. बाकावर पाक कास्मादी, मांडीवर कापडानं झाकलेलं काहीतरी मोठं.

"आला!" पोनीरान ओरडला. "मास सार्वो, एक वाडगा कॉम्प्युटरला!"

सगळे हसले. विजी दुकानाच्या दारात आली. कापडाखाली कॉम्प्युटर नव्हता. कापडातून पिंजऱ्याचा आकडा वर आला होता.

पाक कास्मादींनी पिंजरा गाडीच्या दांडीला टांगला, कापड काढून नीट घडी घातली. सेनोपाती दिमाखात बसला होता. लोक जवळ आले. "अरे वा, पाक! काय शेपटी आहे! निघालात ना स्पर्धेला?"

"नाही," पाक कास्मादी म्हणाले. खिशातलं पेन काढून त्यांनी पिंजऱ्याजवळ धरलं आणि त्याचं बटण दाबलं. टक्.

एक लांब, तीन आखूड.

गाडीवर कोणाचा चमचा हलेना. सार्वोचा पळा तसाच वर राहिला, रस्सा टपकत.

"मंडळी, ऐकून घ्या," पाक कास्मादी म्हणाले. फलाटावर गाडीची वर्दी द्यावी, तसा तो खणखणीत आवाज होता. "बू विजींनी माझं मशीन पहिल्याच दिवशी ठणठणीत केलं होतं. त्यांच्या कामात कसूर नव्हती. रोज सकाळी मीच ते बटण दाबत बसलो आणि याला हे शिकवलं. तुम्ही इतके दिवस त्यांना जे बोललात, ते मला बोलायला हवं होतं."

पहिला हसला पोनीरानच, पण तोंड लपवून. मग पाक कास्मादी स्वतःच हसले, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि तेव्हा मात्र सगळी गाडी हसत सुटली. सेनोपातीला वाटलं आपली वाहवा चाललीय. त्यानं पुन्हा म्हटलं, आणि पुन्हा.

"पाक," पोनीरान डोळे पुसत म्हणाला, "बू विजीला मदतनीस म्हणून ठेवून द्या याला!"

"तुझी दाढी करायला ठेवतो," पाक कास्मादी म्हणाले.

विजीनं त्यांच्यासाठी सोतोचा वाडगा स्वतः भरला, वर जास्तीचं लिंबू पिळलं. वाडगा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांची लाज राखावी म्हणून ती गप्प बसली होती, आणि या माणसानं तीच लाज चारचौघांत उतरवून तिच्या नावासाठी टाकून दिली होती. एवढं तिच्यासाठी कधी कोणी केलं नव्हतं.

"पाक," ती हळूच म्हणाली, "त्या दिवशीच सांगायला हवं होतं मी. पण मला जमलं नसतं."

"मलाही ऐकवलं नसतं," ते म्हणाले. "रागच आला असता तुमचा. मग बसलो घरी, तुम्ही सांगितलंत तसा. ऐकलं नीट. सबंध सकाळ बसलो होतो, बू." त्यांनी पिंजऱ्याकडे पाहिलं. "स्पर्धेचं जाऊ द्या. आता तो मला आवडतं तसं गातो, नाही आवडत तसंही गातो. घरात आवाज आहे."

मग त्यांनी रश्शात चमचा बुडवला, एक घोट घेतला आणि सार्वोला विचारलं, की तेंपे संपलं की आहे अजून.